चिखल रंगवतो की रंग अडवतो? बोगोलान आणि दाबू

हातमागाच्या प्रदर्शनात दाबूची साडी उलगडत विक्रेता म्हणतो, "ताई, हे मड प्रिंट." पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचं बोगोलानही 'मड क्लॉथ' म्हणूनच विकलं जातं. त्यामुळे दोन्ही एकच समजणारे पुष्कळ. पण दोन्हीकडे चिखलाचं काम अगदी उलटं आहे.

राजस्थानी दाबूत माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचं पीठ कालवून तो लगदा ठशाने कापडावर उमटवतात. वाळलं की कापड निळीच्या हौदात. चिखलाखाली नीळ पोचत नाही. धुतल्यावर चिखल जातो आणि नक्षी उरते.

बोगोलानमध्ये काळा रंग चिखलातूनच येतो. मालीतल्या बामना भाषेत 'बोगो' म्हणजे चिखल. पुरुष सुती कापडाच्या अरुंद पट्ट्या विणतात, त्या जोडून कापड होतं. रंगकाम परंपरेने बायकांचं. आधी कापड न्गालामा झाडाच्या पाल्याच्या काढ्यात बुडवून पिवळं करतात. हे झाड आपल्या धावड्याचं सख्खं भावंड. मग मडक्यात कित्येक महिने आंबवलेला, लोहयुक्त चिखल लावतात. पाल्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि चिखलातलं लोह एकत्र आलं की काळा रंग धाग्यात पक्का बसतो. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, तेच हे. गंमत म्हणजे इथे नक्षी रंगवतच नाहीत. तिच्याभोवतीची जागा काळी करत जातात आणि उरलेला पिवळा भाग शेवटी क्षारयुक्त साबणाने पांढरा करतात. हात किती स्थिर हवा!

हे ज्ञान घराबाहेर नेणारे मालीचेच लोक. मालीच्या राजधानीत, बामाकोत, 1978 मध्ये 'बोगोलान कासोबाने' हा चित्रकारांचा गट उभा राहिला. त्यातले बुबाकार दुंबिया पुढे मालीतल्याच सेगू शहरात 'न्दोमो' कार्यशाळेत तरुणांना झाडपाल्याचे रंग शिकवू लागले. पाला खुडायचा, झाड उभं ठेवायचं, असा हा रंग. पांढरं करताना कॉस्टिक सोडा येतो, तेव्हा मात्र सांडपाण्याकडे बघावं लागतं.

बोगोलानचं भारतातलं नातं जुळवायचंच, तर ते दाबूशी नाही, राजस्थानातल्या बगरूच्या काळ्या 'स्याही'शी जुळतं: गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवायचं आणि हिरड्यात बुडवलेल्या कापडावर छापायचं. हिरडाही धावड्याच्याच कुळातला.

बाजारात यंत्रावर छापलेलं 'बोगोलान'ही भरपूर मिळतं. पट्ट्यांचे जोड आहेत का, ते आधी बोटांनी चाचपून बघा.