लिनक्सवर विंडोजचे गेम: एका अर्जनविसाची तीस वर्षं

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत आधार थांबला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. परभणी-हिंगोलीकडे पॉलिटेक्निकच्या पोरांजवळ सेकंडहँड पीसी असतात, नाहीतर कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप. त्यातले बरेच या चाळणीत अडकतात. माझ्या भाच्याचाही अडकला. त्याने एवढंच विचारलं, "मामा, लिनक्स टाकलं तर गेम चालतेत का?"

लिनक्स ही विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यावर विंडोजचे गेम बहुतेक चालतात. पण हे उत्तर इतक्या बेफिकिरीने देता येतंय ते अलीकडेच.

मुळात अडतं कुठे? गेमच्या एक्सई फाइलमधल्या सूचना प्रोसेसरला दोन्हीकडे सारख्याच कळतात. घोडं अडतं ते गेम विंडोजकडे काही मागतो तेव्हा: ही फाइल उघड, हा आवाज वाजव, हे चित्र रंगव. मागण्या विंडोजच्या डीएलएल फाइलींच्या नावाने होतात आणि लिनक्सकडे त्या नावाचं कुणी नसतंच. निजामाच्या काळात आपल्याकडच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. शेतकरी गाऱ्हाणं मराठीत सांगे आणि अर्जनवीस ते उर्दूत उतरवून देई. वाइन नावाचा प्रोग्राम हेच काम करतो. तो खोटी कचेरी उभारत नाही, म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरचं सोंग आणत नाही. म्हणूनच नावाचा विस्तार 'वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर' असा केला गेला. विंडोजचा सी ड्राइव्ह म्हणून तो गेमला जे दाखवतो, ते तुमच्या होम फोल्डरमधलं एक साधं फोल्डर असतं. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची वही, ही त्यातल्याच दोन-तीन टेक्स्ट फाइली.

काम सुरू झालं 1993 मध्ये, बॉब अॅमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांच्या हातून. तेव्हा डोळ्यासमोर विंडोज 3.1 होतं. 1994 पासून सूत्रं अलेक्झांद्र ज्युलियार यांच्याकडे आली, ती आजतागायत. विंडोजचा सोर्स कोड बघायचा नाही, बाहेरून चाचण्या घेऊन कोणत्या मागणीला काय उत्तर येतं ते ताडायचं आणि तसंच वागणारा कोड नव्याने लिहायचा, अशी ही पद्धत. त्यातही गंमत अशी की कित्येक प्रोग्राम विंडोजच्या चुकांवरच विसंबलेले असतात, म्हणजे चुकासुद्धा हुबेहूब उतरवायच्या. 1.0 ही आवृत्ती निघायला जून 2008 उजाडला. पंधरा वर्षं!

मधल्या काळात दुसरी वाट चाचपून झाली होती. 1998 मध्ये निघालेली लोकी ही कंपनी विंडोजचे गेम रीतसर लिनक्ससाठी बांधून विकायची. 2002 च्या सुरुवातीला ती बंद पडली. तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी, म्हणजे गेममध्ये वापरायचा तयार कोड, मात्र आजही असंख्य गेमच्या पोटात आहे. ट्रान्सगेमिंग या कंपनीने वाइनचाच कोड घेऊन त्यावर गेमसाठी वर्गणीचा धंदा मांडला. वाइनच्या तेव्हाच्या मोकळ्या परवान्यामुळे केलेल्या सुधारणा परत देण्याचं बंधन तिच्यावर नव्हतं. त्या वादातून 2002 मध्ये वाइनने एलजीपीएल परवाना घेतला: घ्या, बदला, वाटा, पण वाइनमध्ये केलेले बदल खुले ठेवा. माझ्या मते हा निर्णय कोणत्याही तांत्रिक सुधारणेइतकाच मोलाचा, कारण पुढे मोठी कंपनी उतरली तेव्हा तिचं कामही सगळ्यांच्या पदरात पडलं.

आम्ही या कथेत शिरलो 2008 च्या आसपास. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची सीडी तेव्हा पोस्टाने फुकट घरी यायची. परभणीत लोडशेडिंग सांभाळून ती टाकली, वाइन घेतलं, क्रिकेटचा एक गेम लावला. मैदान आलं, कॉमेंट्रीही आली. खेळाडूंच्या जागी मात्र काळ्या सावल्या. बॅट कुठली न् बॉल कुठला! तरी दोन षटकं खेळलो.

त्या सावल्यांमागे खरी गोम होती. विंडोजचे गेम चित्र काढायला डायरेक्टथ्रीडी वापरतात. वाइन ते ओपनजीएल या लिनक्सवर चालणाऱ्या चित्रभाषेत उतरवायचं आणि या दोन भाषांचं व्याकरणच जुळत नाही. भाषांतर अपुरं पडे किंवा इतका वेळ खाई की गेम रखडे. 2016 मध्ये वल्कन ही नवी चित्रभाषा आली. ती ग्राफिक्स कार्डाशी बरंच थेट बोलते, त्यामुळे मधल्या माणसाला मोकळीक मिळाली. फिलिप रेबोले या प्रोग्रामरला 'निअर: ऑटोमाटा' लिनक्सवर खेळायचा होता. त्यापायी त्याने डायरेक्टथ्रीडी 11 वल्कनमध्ये उतरवणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. एका माणसाची हौस!

स्टीम हे ऑनलाइन गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची गोष्ट हौसेची नव्हती, धास्तीची होती. विंडोज 8 सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचं अॅप-दुकान आणलं. आपलं दुकान दुसऱ्याच्या ओसरीवर आहे, हे व्हॉल्व्हला तेव्हा टोचलं. 2013 मध्ये लिनक्ससाठी स्टीम आलं. 2015 च्या स्टीम मशीन, म्हणजे लिनक्सवर चालणारे गेमिंग पीसी, चालल्या नाहीत, कारण लिनक्ससाठी बांधलेले गेमच थोडे होते. मग व्हॉल्व्हने अर्जनविसालाच नोकरीवर घेतलं. ऑगस्ट 2018 मध्ये वाइन, डीएक्सव्हीके वगैरे एकत्र बांधून प्रोटॉन निघालं. सुरुवातीच्या अधिकृत यादीत फक्त 27 गेम होते. बाकीचे आपल्या जबाबदारीवर लावून बघायची मुभा होती आणि लोकांनी ते हजारोंनी लावून बघितले. फेब्रुवारी 2022 मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं यंत्र याच जोरावर उभं आहे.

आता अडतं ते चीटिंग पकडणाऱ्या प्रोग्रामपाशी. काही ऑनलाइन गेमचे पहारेकरी थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसतात. तिथे दुभाष्याचं काही चालत नाही. व्हॅलोरंटचं घोडं तिथेच अडलंय. एपेक्स लेजेंड्स आधी चालायचा, ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस त्याच्या कंपनीने लिनक्सला दार बंद केलं.

भाच्याच्या यादीत सात गेम होते. सहा लागले. सातव्यासाठी तो रविवारी मित्राच्या रूमवर जातो.