मोसंबीच्या गाडीवर सुटलेला एचसीपी-सीसीपीचा घोळ

भाचा बारावीला आहे आणि केमिस्ट्रीच्या पहिल्याच धड्यात, सॉलिड स्टेटमधे, अडकून बसला. "मामा, एचसीपी पण ७४ टक्के, सीसीपी पण ७४ टक्के, दोन्हीत शेजारी १२च, मग दोन नावं कशाला?" एचसीपी (हेक्झागोनल क्लोज पॅकिंग) आणि सीसीपी (क्युबिक क्लोज पॅकिंग) म्हणजे घन पदार्थात अणूंचे गोळे दाटीने रचायच्या दोन पद्धती, ७४ टक्के म्हणजे गोळ्यांनी भरलेली जागा, आणि शेजारी म्हणजे एका गोळ्याला टेकलेले गोळे. प्रश्न रास्त होता, म्हणून बेसनाच्या लाडवांचा डबा काढला.

लाडू एकमेकांना खेटून पहिला थर लावला, हा ए. आता तीन-तीन लाडवांच्या मधे खळगे होतात, पण त्यातले निम्मेच भरतात कारण लगतच्या दोन खळग्यांत दोन लाडू मावतच नाहीत. हा बी. इथपर्यंत दोघं सारखेच, खरी मेख तिसऱ्या थरात. तिसरा थर बरोबर एच्या डोक्यावर आला तर एबीएबी, म्हणजे एचसीपी, आणि पहिल्या थरातले जे खळगे रिकामे राहिले होते त्यांच्यावर आला तर एबीसी, चौथा परत ए, हा सीसीपी. एफसीसी (फेस-सेंटर्ड क्युबिक) म्हणतात तो पण हाच बरं का.

संध्याकाळी नाशिकच्या रविवार कारंजाला मोसंबीची गाडी दिसली, ढिगाचा तळ चौकोनी. भाचा म्हणे हे तिसरंच काहीतरी! म्हटलं आतल्या एका मोसंबीचे शेजारी मोज, खाली चार, बाजूला चार, वर चार. झाले की बारा. हा सीसीपीच आहे, ढिगाची उतरती बाजू बघ, तिथे तेच तीन-तीनचे खळगे दिसतात. याहून दाट रचता येत नाही असं खगोलशास्त्रज्ञ केप्लर १६११ला म्हणून गेला, सिद्ध व्हायला गणितज्ञ थॉमस हेल्सपर्यंत, १९९८पर्यंत थांबावं लागलं. फळवाले तोवर ढीग रचतच होते.

आणि फरक कुठे कळतो, तर भांडी बाजारात. दाट थर एकमेकांवरून सरकले की धातू न तुटता वाकतो, सीसीपीत असे थर चार दिशांनी सापडतात, एचसीपीत एकाच. तांबं सीसीपी, म्हणून ठोकून ठोकून त्याचा हंडा होतो. जस्त एचसीपी, थंड वडी तशी ठोकली तर तडकते, १००-१५० डिग्रीला तापवली की मग ऐकते.

लोखंड या दोघांतही नाही, ते बीसीसी (बॉडी-सेंटर्ड क्युबिक, घनाच्या कोपऱ्यांत आणि मधोमध एकेक अणू), ६८ टक्के आणि शेजारी ८च. ९१२ डिग्रीच्या वर तेही सीसीपी होतं, हे लाडवांनी दाखवायला घरी आलो तर डब्यात एक थरसुद्धा शिल्लक नव्हता.