ठाणे-नवी मुंबईत मध्यस्थीने वाद मिटवायचाय? अर्ज कुठे करायचा, कोण करू शकतो, कोणते कागद लागतात

नवी मुंबईकरांनी आधी आपला जिल्हा पाहावा. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. बेलापूरच्या माणसाचा अर्ज कोर्ट नाक्यावर, ठाणे जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) जातो. लोकलने एकच स्टेशन पुढे असलेल्या खारघरकराला मात्र रायगडचं प्राधिकरण किंवा पनवेलची तालुका विधी सेवा समिती गाठावी लागते. चुकीच्या दारात अर्ज दिला की पहिले काही आठवडे फुकट जातात. शंका असेल तर १५१०० या मोफत हेल्पलाइनवर विचारा.

मध्यस्थ निकाल देत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तो दोघांना समोरासमोर बसवतो, मग एकेकाशी वेगळं बोलतो, आणि नेमकं कुठे अडलंय ते शोधतो. तिथे बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. तडजोड झाली नाही तर मध्यस्थ न्यायाधीशांना एवढंच कळवतो की झाली नाही; कोण आडमुठेपणा करत होतं हे सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून तिथे मन मोकळं करायला घाबरू नका.

दावा चालू असेल तर

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ मध्ये याची सोय आहे. वकिलामार्फत किंवा स्वतः न्यायाधीशांना सांगा, दोघांची संयुक्त पुरसिस (न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन) द्या, प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे जातं. मध्यस्थाची फी पक्षकारांना द्यावी लागत नाही. तडजोड झाली की त्यावर हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) होतो आणि भरलेली कोर्ट फी परत मागता येते. नाही झाली, तर दावा जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो. गमावण्यासारखं फारसं काही नाही, तरीही लोक ‘आपण कमी पडलो असं दिसेल’ म्हणून अर्ज देत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

दावा अजून दाखल केला नसेल तर

समजा, घणसोलीतले तीन भाऊ आहेत. वडिलांच्या नावावर संपादित जमिनीच्या मोबदल्यात सिडकोकडून साडेबारा टक्क्यांचा भूखंड आला, वडील गेले, दोन बहिणींचाही हक्क आहे आणि बिल्डर दारात उभा आहे. असा वाटणीचा दावा वर्षानुवर्षं चालतो, आणि तोवर भूखंडावर गवत वाढतं. अशा वेळी प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून साधा अर्ज द्यावा. त्यात दोन्ही बाजूंची नावं, पत्ते, मोबाइल नंबर, वाद काय आहे ते दहा-बारा ओळींत, आणि तुम्हाला काय हवंय ते लिहावं. प्राधिकरण समोरच्यांना नोटीस पाठवतं. ते आलेच नाहीत तर सक्ती करता येत नाही.

सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि वादाचे कागद जोडा. वारसाच्या वादात मृत्यूचा दाखला, सिडकोचं वाटपपत्र, असेल तर वारस दाखला. नवरा-बायकोच्या वादात लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, दोघांच्या पगाराच्या स्लिपा, दागिन्यांची यादी. सोसायटीच्या भांडणात मेंटेनन्सची बिलं आणि सभेचे ठराव. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवायला जवळ ठेवा. आणि कागदांहून महत्त्वाचं म्हणजे ज्याच्या हातात निर्णय आहे तो माणूस स्वतः आला पाहिजे. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणणारा भाचा पाठवला तर बैठक वाया जाते.

अशी तडजोड झाली की ती लोकअदालतीसमोर ठेवून निवाडा करून घ्याच. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ मिळतं आणि त्यावर अपील नसतं. नुसत्या कागदावर सह्या करून घरी आलात आणि एकाने शब्द फिरवला, तर पुन्हा दावा लावणं आलं. शिवाय साध्या दावापूर्व बोलण्यांनी दावा लावायची कायदेशीर मुदत थांबत नाही. उसन्या पैशांची तीन वर्षं संपत आली असतील तर आधी वकिलाला भेटा.

पात्रता

मध्यस्थीसाठी उत्पन्नाची अट नाही. अट आहे ती मोफत वकिलासाठी. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपेक्षा कमी असावं लागतं. पण स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना ती मर्यादा लागू नाही. ठाण्यातल्या कितीतरी बायकांना हे ठाऊकच नसतं.

धंद्यातले वाद

३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा व्यावसायिक वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी केलीच पाहिजे. व्यावसायिक न्यायालय कायद्यात २०१८ साली आलेलं कलम १२अ तसं सांगतं, आणि ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवलं. अर्ज ठरलेल्या नमुना १ मध्ये, फी १,००० रुपये. समोरचा नोटिसा देऊनही आला नाही तर तसा अहवाल मिळतो, तो दाव्याला जोडायचा. मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. हा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. मध्यस्थाची फी दोघांनी निम्मी-निम्मी भरायची: वाद ३ ते १० लाखांचा असेल तर एकूण १५,००० रुपये. टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या छोट्या कारखानदाराचे पैसे अडकले असतील तर सूक्ष्म-लघू उद्योगांच्या २००६ च्या कायद्याचा रस्ताही आहे. तिथेही आधी तडजोडीचाच प्रयत्न होतो.

कुठे चालत नाही

निवडणुकीचे वाद मध्यस्थीकडे जात नाहीत. गंभीर गुन्हे, फसवणुकीचे गंभीर आरोपही नाहीत. गावठाणातल्या दोन गटांत मिरवणुकीच्या मार्गावरून किंवा देवळाच्या जागेवरून तेढ वाढली असेल तर मात्र २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे: तीन मध्यस्थांचं मंडळ. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने अर्जाआधी प्राधिकरणात विचारून घ्या.

घरात मारहाण होत असेल तर मध्यस्थीच्या तारखेची वाट पाहू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश आधी मागा. मध्यस्थीला बसलात तरी नवऱ्यासमोर बसणार नाही, वेगळ्या खोलीत बोलेन, असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सही करण्याआधी मराठीत वाचून दाखवायला सांगा. रकमा, तारखा, हप्ता चुकला तर काय, हे सगळं कागदावर हवं. फ्लॅट किंवा जमिनीचा हक्क हस्तांतरित होत असेल तर मुद्रांक आणि नोंदणीचं आधी विचारा. अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलाचा वाटा गुंतलेल्या चालू दाव्यात न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय कोणीही त्याच्या वतीने सही करू नये.