"ट्रेल घरापासूनच सुरू होतो ना?" ऑफर टाकायच्या आधी एवढं वाचाच

नमस्कार मंडळी. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात हॅलिबर्टन आणि कावार्था लेक्सच्या भागात घर शोधणारे आपले मराठी लोक आता बरेच झालेत, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागाहून शुक्रवारी संध्याकाळी निघायचं आणि रविवारी रात्री परत, आणि त्यात एकदा स्नोमोबाईलचं (बर्फावर चालवायची गाडी, म्हणजेच स्लेड) वेड लागलं की आम्हाला येणारा मेसेज ठरलेला: "गराजमधून स्लेड काढली की थेट ट्रेलवर, असं घर दाखवा." दाखवतो की, धंदाच आहे आमचा. पण दर सीझनला तोच घोळ होतो आणि त्यात तुमचे आमचे दोन-दोन आठवडे जातात, म्हणून हे एकदाच लिहून काढलंय.

घोळ असा. ॲपवरच्या नकाशात ट्रेलची, म्हणजे स्लेडसाठी आखलेल्या वाटेची, रेघ घराला चिकटून दिसते, लिस्टिंगमध्येही तसंच लिहिलेलं असतं, आणि लोक ती रेघ घराबरोबर विकत मिळते असं धरून ऑफर टाकायला निघतात. ती मिळत नाही. दक्षिण ऑन्टॅरिओत ट्रेलचा बराच भाग खासगी जमिनीतून जातो, कुणाचं शेत, कुणाचं रान. स्थानिक स्नोमोबाईल क्लबचे व्हॉलंटियर त्या मालकाकडे जाऊन परवानगीच्या कागदावर सही घेतात, मालकाला त्याचं भाडं मिळत नाही, आणि तो ती परवानगी केव्हाही काढून घेऊ शकतो. जमीन विकली गेली की नव्या मालकाकडे परत जावं लागतं.

आपल्याकडे गावात वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर तहसीलदाराकडे अर्ज टाकता येतो, तसं इथं डोक्यात ठेवून येऊ नका. मालकाच्या परवानगीनं चाललेल्या वापरातून तुमचा हक्क तयार होत नाही, मग तिथून वीस वर्षं स्लेडी जात असल्या तरी.

दुसरीकडून घर घेऊन नंतर आमच्याकडे आलेलं एक कुटुंब आहे. घर छान, मागच्या कुंपणापासून चाळीस पावलांवर ट्रेल. पुढच्याच हिवाळ्यात दोन प्लॉट पलीकडचं शेत विकलं गेलं, नव्या माणसानं फाटकाला साखळी आणि पाटी लावली, क्लबनं ट्रेल वळवला तो थेट काँक्रीट ब्रिजच्या पलीकडे. आता स्लेड ट्रेलरवर चढवून पार्किंग लॉटला न्यायची आणि तिथून सुरुवात, म्हणजे टोरांटोत राहून जे करत होते तेच. त्यांच्या स्वतःच्या प्लॉटवर काहीच बदललं नव्हतं, हे लक्षात घ्या.

म्हणून आम्ही घर आवडलं की पहिला प्रश्न हा विचारतो: दारापासून मुख्य ट्रेलपर्यंत मधली जमीन कोणाकोणाची? काउंटीच्या मालकीची असेल तर निवांत. किनमाउंट ते हॅलिबर्टन गावापर्यंतचा रेल ट्रेल तसा आहे, जुन्या रेल्वेच्या भरावावरचा, आणि दक्षिणेकडे लिंड्सेपर्यंतचा व्हिक्टोरिया रेल ट्रेलही त्याच लाईनचा. क्राउन लँडवरून, म्हणजे सरकारी जमिनीवरून, जाणारा ट्रेलही त्यातल्या त्यात भरवशाचा. सगळ्यात कच्चा म्हणजे शेतातून जाणारा, त्यातही विंटर व्हीट (हिवाळाभर बर्फाखाली राहणारा गहू) पेरलेलं असेल तर एक जण खुणेचे खांब सोडून मोकळ्या बर्फात मजा करायला घुसला की खाली पिकाची वाट लागते आणि मालक वैतागून सगळ्यांनाच बंद करतो. तो घुसणारा बहुतेक वेळा नवीनच घर घेतलेला असतो, "माझं घर इथेच आहे, शॉर्टकट मारला तर काय झालं" म्हणणारा. कृपया नका मारू.

मधला रस्ताही बघावा लागतो. हायवे 35 किंवा 118 सारख्या प्रांताच्या रस्त्यावर, कडेच्या शोल्डरच्या पट्ट्यावरसुद्धा, स्लेड चालवता येत नाही, काटकोनात ओलांडता तेवढी येते, आणि रस्त्याकडेनं वा ओलांडून जायचं तर चालवणारा 16 वर्षांचा तरी हवा. बारा वर्षांच्या मुलाला स्नोमोबाईलचं लायसन काढून ट्रेलवर चालवता येतं पण घर आणि ट्रेलच्या मध्ये रस्ता असला की त्याला तो ओलांडता येत नाही, हे लोकांना घर घेतल्यावर कळतं. टाऊनशिपच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, रस्त्यांचे नियम टाऊनशिपनुसार वेगळे, ते आम्ही फोन करून विचारून घेतो. ट्रेलवर वेगमर्यादा ताशी 50 किमी.

तळ्याकाठचं घर घेणारे म्हणतात, समोरच्या काठाला ट्रेल आहे, बर्फावरून जाऊ. हॅलिबर्टनमधली बरीच तळी ट्रेंट-सेव्हर्न वॉटरवेला (बोटींचा जुना जलमार्ग) पाणी पुरवणारी आहेत, धरणांतून पाणी सोडतात आणि पातळी खाली जाते, त्यामुळे काठाला बर्फ खचतो, खाली पोकळी राहते, आणि धरणाजवळ किंवा दोन तळ्यांच्या मधल्या अरुंद भागात वाहत्या पाण्यानं तो पातळच असतो. वर ताजा स्नो पडला की सगळं सारखंच पांढरं. तळ्यावरून जायचा रस्ता आम्ही तरी ॲक्सेस म्हणून मोजत नाही, कुणी आम्हाला घाबरट म्हणालं तरी चालेल.

बाकीचं थोडक्यात. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं ते विचारा, सीझनल रोड असेल तर टाऊनशिप काढत नाही. ट्रेलर वळवायला जागा हवी. लाकडाची शेगडी असेल तर WETT इन्स्पेक्शनशिवाय (शेगडीची सुरक्षा तपासणी) इन्शुरन्सवाले कुरकुर करतात. विहिरीचं पाणी तपासून घ्या. वर्क परमिटवर असाल तर वकिलाशी आधी बोला, परदेशी नागरिकानं घर घेतलं की लागणारा ऑन्टॅरिओचा नॉन-रेसिडेंट स्पेक्युलेशन टॅक्स 25 टक्के आहे, सगळं गणित तिथंच बदलतं. आणि ट्रेल अगदी खिडकीखाली हवा असा हट्ट धरू नका, ट्रेलवरचा बर्फ दाबून सपाट करणारं यंत्र, ग्रूमर, बहुतेक रात्रीच फिरतो कारण थंडीत तो थर घट्ट बसतो, आणि शनिवारी मध्यरात्रीपर्यंत स्लेडी जातात. दोनशे-तीनशे मीटर लांब बरं.

आता आमच्यावरची तक्रार. "तुम्ही फार वेळ लावता, तोवर घर जातं." खरंय, कधीकधी जातं. पण क्लबला फोन, टाऊनशिपला फोन, मधल्या प्लॉटचे मालक लँड रजिस्ट्रीतून काढणं, आणि जमलं तर शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी ड्राइव्ह-वेत उभं राहून दहा मिनिटं गप्पा, याला चार-पाच दिवस लागतातच. त्या गप्पांत जे कळतं ते कुठल्याच लिस्टिंगमध्ये नसतं, पोरगा शेत विकणार आहे वगैरे. घाई असेलच तर आम्ही ऑफर कंडिशनल (चौकशी पटली तरच पक्की, अशी) टाकतो आणि तेवढे दिवस मागून घेतो. ट्रेल कायम राहील असं लेखी मात्र आम्ही देत नाही, देणारा कुणी भेटला तर त्याच्याकडून खुशाल घ्या. यासाठी वेगळी फी नाही, फक्त बायर रेप्रेझेंटेशन ॲग्रीमेंट (आम्ही तुमचे एजंट, असा करार) आधी सही करावं लागतं, कायद्यानंच.

घरं बघायला जुलैत येता तेव्हा ट्रेल म्हणजे झाडांतली एक फट आणि गवतात एखादा खांब, एवढंच दिसतं. यादी उन्हाळ्यात करू, पण पक्कं करायच्या आधी जानेवारी-फेब्रुवारीत एक चक्कर ठेवा. 2023-24 सारखा उबदार, कमी बर्फाचा हिवाळा असला तर ट्रेल उघडलेच नाहीत असंही होतं, निघायच्या आधी क्लबांच्या प्रांतिक फेडरेशनच्या (OFSC) नकाशावर रंग बघा: हिरवा म्हणजे उघडा, पिवळा म्हणजे जपून, लाल असेल तर जायचंच नाही.

मेसेज करताना बजेट, कितीजण चालवणार, मुलांची वयं आणि ट्रेलरची लांबी एवढं आधीच लिहा, उत्तर लवकर मिळेल. शनिवारी सकाळी फोन उचलला नाही तर समजून घ्या, त्या वेळी आम्ही कुणाच्या तरी ड्राइव्ह-वेत असतो.