किती हलतंय ते कोण हलवतंय : यंत्रांच्या कंपनांचा माग

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या जुन्या शेडमध्ये फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बेअरिंगवर (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या, दोन रिंगांमध्ये गोळ्या असलेल्या भागावर) टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि क्षणभराने सांगतो, "बेअरिंग बोलून राहिलं, भाऊ." बहुतेक वेळा तो बरोबर असतो. हल्ली त्याच जागी चुंबकाने चिकटणारा सेन्सर बसतो आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर नाव घेऊन सांगतं : बेअरिंगची बाहेरची रिंग, कपलिंग (मोटर आणि यंत्र यांचे दांडे जोडणारा भाग) की ढिला फाउंडेशन बोल्ट.

जुन्या इंजिनिअरांना कंपन कुणामुळे होतंय यापेक्षा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, टिकेल की नाही याची काळजी होती. 1869 साली रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरने मांडलं, की प्रत्येक शाफ्टला वेगाची एक मर्यादा असते आणि तिच्यापलीकडे तो चालवताच येणार नाही. त्यानंतर आठ वर्षांनी, 1 जानेवारी 1877 रोजी, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. वाफेचं इंजिन, छताखालून जाणारे लांब शाफ्ट आणि त्यांवरून उतरणारे पट्टे, ही त्या काळच्या गिरण्यांची रचना. एक जागा थरथरली की सगळा मजला थरथरायचा. दोष शोधायचा सरळ मार्ग म्हणजे एकेक पट्टा उतरवून बघणं.

रँकिनचं म्हणणं चुकीचं होतं. स्वीडनच्या दे लाव्हालने 1880 च्या दशकात लवचिक शाफ्टचं टर्बाइन त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे पळवून दाखवलं. ते का पळतं, हे जेफकॉट या इंजिनिअरने 1919 मध्ये गणिताने समजावलं : त्या ठरावीक वेगाजवळ शाफ्ट जोरात थरथरतो, पण तो ओलांडला की पुन्हा शांत होतो. नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइन 3000 आरपीएमवर (मिनिटाला 3000 फेऱ्यांवर) नेताना मधले ठरावीक वेग रेंगाळू न देता झपकन ओलांडतात, त्यामागचं कारण हेच.

मग प्रश्न आला, कंपन किती झालं की घाबरायचं? 1939 मध्ये रॅथबोन या अमेरिकी इंजिनिअरने अनुभवावरून एक तक्ता छापला. तो विमा कंपनीत काम करायचा. यंत्र फुटलं तर पैसे कुणाला द्यावे लागतात हे लक्षात घेतलं, की तक्ता त्याच्याकडूनच का आला ते कळतं. पुढे 1974 च्या आयएसओ 2372 या आंतरराष्ट्रीय मानकाने कंपनाच्या वेगाच्या मर्यादा मिलीमीटर प्रति सेकंदात आखून दिल्या : 15 ते 75 किलोवॅटच्या यंत्रांना 2.8 पर्यंत ठीक, 7.1 च्या वर धोका. कोराडीचा पहिला संच सुरू झाला तेही हेच वर्ष. पण हा आकडा म्हणजे तापमापकातला ताप. मलेरिया आहे की टायफॉइड, ते त्यात दिसत नाही.

दुखणं ओळखायचं गणित 1822 पासून तयार होतं. कितीही वेडंवाकडं, पण पुन्हा पुन्हा येणारं कंपन साध्या लाटांच्या बेरजेत फोडता येतं, हे फूरियेने उष्णतेवरच्या ग्रंथात दाखवलं होतं. अडचण हिशेबाची होती. 1024 नोंदी फोडायला सरळ पद्धतीने दहा लाखांवर गुणाकार लागतात. 1965 मध्ये कूली आणि ट्युकी यांनी दिलेल्या रीतीने ते दहा हजारांच्या आसपास आले. या कामाला निकड आली ती कारखान्यामुळे नव्हे. सोव्हिएत अणुचाचण्या भूकंपमापकाच्या नोंदींवरून ओळखायच्या होत्या. आणि गंमत अशी, की लघुग्रहांच्या कक्षा मोजताना गाउसने जवळपास हीच युक्ती 1805 च्या सुमारास लिहून ठेवली होती. ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर.

इथून प्रश्न 'किती' वरून 'कुणाचं' वर आला, कारण प्रत्येक भागाचा आपला ठराविक ताल असतो. 1440 आरपीएमची मोटर सेकंदाला 24 फेरे मारते. फिरता भाग एका बाजूला जड असेल, तर आलेखात 24 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 24 वेळा या तालावर, शिखर उभं राहतं. कपलिंगची दोन टोकं एका रेषेत नसतील तर अनेकदा 48 वर. गिअरचे दात गुणिले फेरे, तो दातांचा ताल. 6205 क्रमांकाच्या, नऊ गोळ्यांच्या बेअरिंगला बाहेरच्या रिंगेत खड्डा पडला तर 86 च्या आसपास, आतल्या रिंगेत पडला तर 130 च्या. सॉफ्टवेअर हे आकडे आलेखावर आखतं आणि कुठलं शिखर कुठल्या रेषेवर बसतं ते पाहतं.

इतकं सोपं असतं तर फिटर कधीच घरी बसला असता. 2970 आरपीएमच्या मोटरचा दुप्पट ताल 99 हर्ट्झ येतो. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि विजेचा दोष तिच्या दुप्पट, म्हणजे 100 वर दिसतो. दोहोंत अंतर फक्त एका हर्ट्झचं. नोंद अर्ध्या सेकंदाची घेतली तर सॉफ्टवेअर दोन्ही शिखरांचं एकच ढेकूळ दाखवतं, आणि कपलिंग निर्दोष असताना त्याची टोकं एका रेषेत आणण्याचं काम, म्हणजे अलाइनमेंट, रात्रभर चालतं. काही सेकंदांची नोंद घ्यावी, किंवा सरळ स्विच बंद करावा. वीज तुटताच कंपन गडप झालं तर दोष विजेचा; वेगाबरोबर हळूहळू उतरलं तर यांत्रिक. ही स्विचची युक्ती मला कुठल्याही आलेखापेक्षा जास्त आवडते.

औष्णिक केंद्रांत सगळ्यांत ओळखीचा रुग्ण म्हणजे आयडी फॅन, बॉयलरमधला धूर चिमणीकडे ओढणारा पंखा. आपल्या कोळशात राख 30 ते 40 टक्के. गाळणीतून सुटलेली राख पाती झिजवते किंवा त्यांवर थर देते, आणि तोल जातो. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड पंपाची तऱ्हा वेगळी. तो गरम पाण्याचा. थंड असताना नीट अलाइन केलेल्या पंपाचा पोलादी आधार 500 मिलीमीटर उंच असेल आणि 40 अंशांनी तापला, तर मध्यरेषा पाव मिलीमीटरच्या जवळपास वर सरकते. मोटर मात्र तिथेच राहते, आणि दोघांची रेषा चुकते.

1990 च्या दशकात एअरबॅगसाठी आलेले चिपवरचे सेन्सर आता प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत, म्हणून मोबाइलवरही कंपनाचा आलेख दिसतो. पण तो सेन्सर साधारण सेकंदाला काहीशे नोंदी घेतो आणि त्याच्या निम्म्याच वारंवारितेपर्यंत पाहू शकतो. डगमगणारा पंखा सापडेल. बेअरिंगची सुरुवातीची किरकिर हजारो हर्ट्झवर असते, ती सापडणार नाही.

आणि 86 ची ती रेषा कुणी आखली? बेअरिंगचा क्रमांक संगणकात भरणाऱ्या माणसाने. क्रमांक तोच ठेवून दुसऱ्या कंपनीचं बेअरिंग बसवलं, तर गोळ्यांची संख्या वेगळी असू शकते. मग शिखर एकीकडे आणि रेषा दुसरीकडे राहते, आणि स्क्रीन सगळं ठीक असल्याचं सांगत असते. अशा वेळी काढलेलं जुनं बेअरिंग टेबलावर घेऊन गोळ्या बोटाने मोजाव्या लागतात.