मेडिसिनची सीट घेणं आणि फिजिशियन म्हणून राहणं

एमडी जनरल मेडिसिन या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या जागांवर नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतल्या वरच्या रँकच्या मुलामुलींच्या उड्या पडतात. म्हणजे फिजिशियन, म्हणजे शस्त्रक्रिया न करता सगळ्या शरीराचे आजार बघणारा डॉक्टर, होण्याची ओढ वाढली, असा अर्थ काढला जातो. तो बरोबर नाही. मेडिसिनची सीट घेणं हा एक निर्णय आणि पुढे जनरल मेडिसिनमध्येच राहणं हा दुसरा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

सीट घेतली जाते ती बहुतेक वेळा पुढच्या वाटेकडे बघून. कार्डिओलॉजी (हृदय), नेफ्रोलॉजी (किडनी), न्यूरोलॉजी (मेंदू), गॅस्ट्रोएन्टरोलॉजी (पचनसंस्था) यांच्या डीएमला, म्हणजे एमडीनंतरच्या एका अवयवाच्या पदवीला जायची मुख्य वाट मेडिसिनमधून जाते. त्यामुळे कोणत्या अवयवाचं डॉक्टर व्हायचं हे ठरलेलं नसलं तरी मेडिसिन घेता येतं. एमबीबीएसला वॉर्डात हिंडताना निदानाची गोडी लागलेलेही त्यात असतात, पण गर्दी वाढते ती डीएममुळे.

राहण्याचा निर्णय रेसिडेन्सीत, म्हणजे एमडी करताना रुग्णालयात काम करायच्या वर्षांत होतो. तिथे विद्यार्थी युनिटमधल्या सरांकडे, मॅडमकडे बघत असतो. राउंडला रुग्णाच्या पोटावर हात ठेवून दहा मिनिटं विचार करणारे शिक्षक भेटले तर हा विषय मनात घर करतो. तापाचे रुग्ण, विषबाधा, अर्धांगवायू सगळं एकाच इमर्जन्सीत हाताळल्यावर येणारा आत्मविश्वासही थांबवून ठेवतो. मधुमेह, रक्तदाब, अधू किडनी आणि वर क्षयरोग असलेल्या आजोबांच्या चार तज्ज्ञांच्या चार चिठ्ठ्या एकत्र वाचणारं कुणीतरी लागतं. ते काम आवडणारी माणसं टिकतात.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर हे एमडी मेडिसिन. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती. त्यांनी रुग्णांचं बारकाईने निरीक्षण करून हृदयावर होणारा परिणाम नोंदवला. १९८२ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून त्यांनी कितीतरी जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावी राहूनही मोठं संशोधन होतं हे त्यांच्याकडे बघून कळतं, आणि अशी उदाहरणं विद्यार्थ्यांपुढे फार कमी येतात याचं मला वाईट वाटतं.

बाहेर ढकलणारी कारणंही तितकीच खरी आहेत. अँजिओप्लास्टी आणि एन्डोस्कोपीचे वेगळे पैसे मिळतात. तासभर विचार करून केलेल्या निदानाला फक्त तपासणी फी. आपल्याकडे रुग्ण छातीत दुखलं की थेट हृदयरोगतज्ज्ञ गाठू शकतो, त्यामुळे शहरात फिजिशियनची ओपीडी आक्रसते. खासगी कॉलेजची फी भरून कर्ज झालेल्याला हा हिशेब टाळता येत नाही. उलट एमबीबीएसची साडेपाच, एमडीची तीन, त्यात बाँडची सक्तीची सरकारी सेवा, आणि वर डीएमची आणखी तीन वर्षं नकोत म्हणून थांबणारेही आहेत.

नीट-एसएस या डीएमच्या प्रवेश परीक्षेत हवी ती शाखा मिळाली नाही म्हणून फिजिशियन राहिलेल्यांना मी ‘निवड केलेल्यां’त धरत नाही, त्यातले अनेक जण पुढे उत्तम फिजिशियन होतात, तरीही. म्हणूनच एमडीच्या जागा वाढवल्या की फिजिशियन वाढतील हा हिशेब कच्चा आहे. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनचा पगार, त्याच्या हाताखालचा आयसीयू आणि एकट्याने किती रात्री ड्यूटी करावी लागते हे आधी बघायला हवं, कारण तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट तेच विचारत असतो.