पांढऱ्या ठिपक्यांचा रोग (घरगुती मत्स्यालय)

गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांना होणारा परजीवीजन्य, अतिशय संसर्गजन्य रोग. मासे पाळणारे आणि विकणारे त्याला ‘व्हाइट स्पॉट’ किंवा ‘इक’ म्हणतात. इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिइस हा एकपेशीय, रोमकधारी (अंगावर सूक्ष्म केसांसारखे रोम असलेला) सजीव त्याला कारणीभूत असतो. त्याचे वर्णन फूके या फ्रेंच अभ्यासकाने 1876 मध्ये केले. गोल्डफिश, मॉली, टेट्रा, गप्पी अशा बहुतेक सर्व माशांना हा रोग होतो. क्लाउन लोचला तर तो इतक्या सहज जडतो, की टाकीत हा मासा असेल तर पहिले ठिपके बहुधा त्याच्याच अंगावर दिसतात.

मासा दगडावर, झाडांवर किंवा तळाच्या वाळूवर अंग घासू लागतो, पर मिटून घेतो, खाणे कमी करतो. त्यानंतर पर, शेपटी आणि अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे उठावदार ठिपके येतात. प्रत्येक ठिपका साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचा असतो. संसर्ग फक्त कल्ल्यांत असेल तर ठिपका एकही दिसत नाही. मासा पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेतो आणि मरतो.

उपचाराचे सगळे मर्म या परजीवीच्या जीवनचक्रात आहे. ठिपका म्हणून जो दिसतो तो परजीवी माशाच्या वरच्या त्वचेखाली शिरून तिथल्या पेशी खात असतो. त्वचेच्या आवरणामुळे पाण्यात टाकलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाली की तो त्वचा फोडून बाहेर पडतो, काही तास पाण्यात फिरतो आणि वाळू, काच, झाडाचे पान, जाळी असे जे सापडेल त्यावर चिकटून स्वतःभोवती आवरण तयार करतो. या आवरणात त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले तयार होतात. तेव्हाही औषध फारसे लागू पडत नाही. पिल्ले बाहेर पडली की त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडावा लागतो, नाहीतर ती मरतात. औषधाला खरी संधी मिळते ती पिल्ले अशी उघडी पोहत असतानाच. म्हणून उपचार माशाच्या ठिपक्यावर नव्हे, टाकीतल्या पाण्यावर करायचा असतो. ठिपके दिसेनासे झाले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बंद करणे ही यातली सर्वांत घातक चूक आहे. मासा स्वच्छ दिसतो, पण त्याच दिवशी तळाशी पुढची पिढी तयार होत असते.

चक्राचा वेग तापमानावर ठरतो. 25 अंश सेल्सिअसच्या आसपास ते आठवड्याभरात पुरे होते, 10 अंशांना महिन्याहून अधिक काळ घेते. 30 अंशांवर परजीवीच्या बहुतेक वाणांची वाढ खुंटते. पुण्या-नाशिकच्या हिवाळी रात्रीत हीटर नसलेल्या टाकीचे पाणी झपाट्याने गार होते. तापमानाच्या अशा चढउताराने माशांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि रोग डोके वर काढतो.

निदान करताना घाई नको. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर विणीच्या काळात पांढरे बारीक उंचवटे येतात. तो रोग नव्हे. अंगावर पिवळसर सोनेरी भुकटी दिसली तर तो ‘व्हेल्व्हेट’, वेगळ्या परजीवीचा रोग. तोंडाशी पांढुरका पुंजका असेल तर बहुधा जीवाणूजन्य कॉलम्नॅरिस. त्यात पाणी गरम केल्यास रोग उलट बळावतो. सूक्ष्मदर्शकाखाली घोड्याच्या नालाच्या आकाराचे मोठे केंद्रक असलेला, संथ गरगरणारा सजीव दिसला की शंका उरत नाही. सूक्ष्मदर्शक नसेल तरी पाण्यातील अमोनिया आणि नायट्राइट तपासावेत. दोन्ही शून्य असायला हवेत. अमोनिया वाढला तरी मासे धापा टाकतात, आणि अशा वेळी औषध ओतणे म्हणजे आजारी माशावर आणखी भार.

घरी करता येणारा सर्वांत सुरक्षित उपचार उष्णता आणि मिठाचा. पाणी ताशी एका अंशाहून वेगाने न तापवता 30 अंशांपर्यंत न्यावे आणि दहा दिवस तिथेच ठेवावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप सतत चालू हवा. मिठाचे प्रमाण लिटरला 1 ते 2 ग्रॅम. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर सुमारे 56 लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता 45 ते 50 लिटर उरते. म्हणजे 2 ग्रॅमच्या हिशोबाने जेमतेम 100 ग्रॅम खडेमीठ. ते वेगळ्या पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडेथोडे घालावे. कोरिडोरास, लोच अशा माशांना निम्मे प्रमाण पुरे. जिवंत झाडे मिठाने कोमेजतात. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा असल्याने त्याच्यासाठी उष्णतेपेक्षा मिठावर भर द्यावा.

संसर्ग जोरात असेल तर मॅलेकाइट ग्रीन (एक हिरवा रंग) आणि फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइडचे द्रावण) यांचे मिश्रण प्रभावी ठरते. मात्र मॅलेकाइट ग्रीन विषारी आहे. अमेरिका आणि युरोपीय संघात खाण्याच्या माशांसाठी त्यावर बंदी आहे. घरात वापरताना हातमोजे घालावेत, मात्रा वेष्टनावरचीच पाळावी. फिल्टरमधील सक्रिय कोळसा आधी काढावा, कारण तो औषध शोषून घेतो. तांबेयुक्त औषधांनी कोळंबी आणि गोगलगायी मरतात. मिथिलीन ब्लू फिल्टरमधील उपयुक्त जीवाणू मारते, म्हणून मुख्य टाकीत नको. एकटा आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढूनही भागत नाही. उरलेल्या टाकीत परजीवी असतोच. सगळ्या पाण्यावर उपचार करावा, दर दोन-तीन दिवसांनी तळाची वाळू सायफनने साफ करून चतुर्थांश पाणी बदलावे आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवावेत.

रोग बहुधा नव्या माशाबरोबर घरात येतो. क्रॉफर्ड मार्केटसारख्या गजबजलेल्या बाजारातून आणलेला मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. नवी पाणझाडे आणि गोगलगायीही काही दिवस मासे नसलेल्या पाण्यात ठेवाव्यात, कारण परजीवीचे आवरण त्यांच्यावर चिकटून येऊ शकते. संसर्गातून वाचलेल्या माशांत काही काळ प्रतिकारशक्ती राहते. पण नव्याने आणलेल्या माशांना ती नसते. समुद्री माशांतील अगदी असाच दिसणारा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या वेगळ्या परजीवीमुळे होतो आणि मीठ घालण्याचा उपाय तिथे निरुपयोगी आहे.